न जुळणारं रीडिंग

भाऊबीजेला मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी गेले, तेव्हा दाराशी दादाचे बूट नव्हते, रबरी सपाता होत्या. "बूट चावतात अलीकडे," तो म्हणाला. "मग नवे घे," असं म्हणून मी आत गेले. जिना चढताना तो मधल्या वळणावर थांबला आणि भिंतीतली ओल मला दाखवू लागला. ती ओल आमचे वडील होते तेव्हापासूनची आहे. पानात वाढलेल्या चार करंज्यांतली त्याने एक खाल्ली. वहिनी म्हणाली, रात्री तीन उशा लागतात, आडवं पडलं की गॅस वर येतो. मी ओव्याचा अर्क सुचवला. चक्क ओव्याचा अर्क. मग ओवाळलं, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि मांजलपूरला परत आले.

आज हे सगळं ओळीने लिहिता येतंय, कारण आज मला ते एकाच कागदावर मांडलेले आकडे दिसतात. त्या दिवशी दिसले नाहीत. आणि मी ३१ वर्षं एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आकड्यांवर नजर ठेवण्याचाच पगार घेतलाय.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ओओएस. आऊट ऑफ स्पेसिफिकेशन. गोळीतलं औषध समजा ९५ ते १०५ टक्क्यांच्या आत यायला हवं आणि एखाद्या दुपारी ९३.४ येतं. मी नोकरीला लागले तेव्हा यावर उपाय सोपा होता: पुन्हा कर. पुन्हा करून पास आलं की पहिला कागद टोपलीत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टाने एका औषध कंपनीच्या खटल्यात या 'पास होईपर्यंत तपासा' पद्धतीचे वाभाडे काढले, आणि काही वर्षांत त्याची धग आमच्या टेबलापर्यंत पोचली. नवा नियम आला. न जुळणारं रीडिंग फेकायचं नाही. त्याला नंबर द्यायचा, कारण शोधायचं. पिपेट चुकलं, कॉलम जुना झाला, की गोळीच तशी आहे? ज्युनिअर मुली वैतागायच्या. मी त्यांना घरी जाऊ द्यायचे नाही.

आणि घरी तीन उशा म्हटल्यावर मी ओवा म्हणाले.

मग उत्तरायण आलं आणि दादा गच्चीवर गेला नाही. बडोद्याबाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. १४ जानेवारीला, पतंगांच्या या सणाला, इथे आजारी माणूसही गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. दादा खाली बैठकीत बसून शेजारच्या गच्च्यांवरच्या 'काप्यो छे'च्या आरोळ्या ऐकत होता. रात्री दोनला वहिनीचा फोन आला. "हे खिडकीशी उभे आहेत. आडवे होतच नाहीत. छातीतून मांजरासारखा आवाज येतोय."

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं. पहाटेपर्यंत पिशव्या भरत गेल्या तसा आवाज कमी झाला. सकाळी डॉक्टर इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद घेऊन आले आणि म्हणाले, "हार्ट फेल्युअर."

वहिनी मटकन बाकावर बसली. तिचं काय चुकलं? आमच्याकडे कुणाचं हार्ट फेल झालं, असं म्हणतात तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. डॉक्टरांना हे रोजचं असावं. शांतपणे म्हणाले, "बेन, फेल एटले बंध पडी गयुं एम नथी." बंद पडलेलं नाही, कमी ओढतंय. मग त्यांनी पाण्याच्या मोटरीची उपमा दिली, सगळेच डॉक्टर देत असणार: पाइपात कचरा अडकला तो अटॅक, मोटर थकली ते फेल्युअर, लाइटच गेली तर अरेस्ट. एकातून दुसरं होऊ शकतं, पण एक म्हणजे दुसरं नव्हे. दादाला यातलं पहिलं २०११ मध्ये झालं होतं. स्टेंट बसला, 'फर्स्ट क्लास झालो' म्हणून तो सगळ्यांना सांगत फिरला. पण स्नायूचा एक तुकडा तेव्हाच कामातून गेला होता, आणि उरलेला बारा वर्षं त्याच्या वाट्याचंही ओढत आला होता. चावणारे बूट म्हणजे पायावरची सूज. तीन उशा म्हणजे आडवं झाल्यावर फुप्फुसात चढणारं पाणी. एक करंजी म्हणजे सुजलेलं पोट आणि मेलेली भूक. भिंतीतली ओल म्हणजे धाप.

इकोच्या कागदावर एक आकडा होता, ईएफ २५. दादा आयुष्यभर गणित शिकवून रिटायर झालेला. त्याच्या काळी पस्तीस गुणांना पास करायचे. कागद हातात घेऊन म्हणाला, "सुमे, दहाने गेलो." मग डॉक्टरांनी सांगितलं की हा पेपर शंभराचा नाहीच. ईएफ म्हणजे भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं तो आकडा, आणि निरोगी हृदयसुद्धा साधारण ५५ ते ७० फेकतं. पूर्ण रिकामं कुणाचंच होत नाही. योगायोग असा की पस्तीसचा आकडा इथेही आहेच. काही महिने औषधं नीट घेऊनही ईएफ पस्तिशीच्या वर आलं नाही, तर छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार करतात, कारण थकलेल्या हृदयाची लाइट अचानक जायची भीती जास्त. म्हणजे शेवटी दादाला पस्तीस पाडायचेच होते.

चिठ्ठीवर एक लघवीची गोळी आणि चार मुख्य औषधं होती. मी ती मेडिकलवाल्याच्या काउंटरवर वाचली आणि तिथेच अडकले, कारण पहिल्याच नावाशी माझी जुनी ओळख.

ते बीटा ब्लॉकर होतं. ऐंशीच्या दशकात पाकिटात घालायच्या पत्रकांची प्रुफं आमच्या टेबलावरही फिरून जायची. बीटा ब्लॉकरच्या पत्रकातलं एक वाक्य मला पाठ होतं, कारण ते गाळलं गेलं तर अनर्थ होईल असं साहेबांनी बजावलेलं: हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला देऊ नये. तर्क सरळ होता. हे औषध हृदयाचा जोर आणि वेग कमी करतं, आणि ज्याचा जोर आधीच गेलाय त्याला ते देणं म्हणजे थकलेल्या बैलाच्या पायात ओंडका अडकवणं. पण स्वीडनमध्ये गोथेनबर्गला फिन वागस्टीन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अशा सात रुग्णांची हकिगत छापली होती. हृदय फार जोरात धावतंय म्हणून त्यांनी ते औषध दिलं, आणि रुग्ण बिघडायच्या ऐवजी सुधारले. सात. कुठल्याही बैठकीत फेटाळायला सोपा आकडा. बहुतेकांनी वीसेक वर्षं तसंच केलं. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, एकीत बिसोप्रोलॉल, दुसरीत मेटोप्रोलॉल, आणि दोन्हींत मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी. दमलेल्या हृदयाला शरीर ॲड्रिनलिनचे चाबूक मारत असतं, हृदय त्या चाबकांनी मरतं, आणि हे औषध चाबूक अडवतं. ओंडका कुठला, तो मारणाऱ्याचा हात धरणारा निघाला. पत्रकातलं वाक्यही पुढे बदललं. अंगात पाणी साचून रुग्ण अस्थिर असताना सुरू करू नये, बाकी थोड्या डोसापासून चढवत न्यावं.

मी ते जुनं वाक्य किती वेळा बरोबरची खूण करून पुढे पाठवलं असेल, देव जाणे. प्रूफ बरोबर होतं. वाक्य चूक होतं.

दुसऱ्या गोळीवर तर दादाच अडला. "मला साखर नाही. ही साखरेची गोळी आहे, मेडिकलवाला म्हणाला. चुकून लिहिली." चुकून लिहिली नव्हती. तिचं नाव डापाग्लिफ्लोझिन. हिची कुळकथा मला सगळ्यांत आवडते. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य काढलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते, हे पन्नासेक वर्षांनी कळलं. ज्यांनी कॉलेजात बेनेडिक्टचं निळं द्रावण तापवून विटकरी होताना पाहिलंय, त्यांना लघवीत साखर म्हणजे रोगाची खूण. इथे तीच मुद्दाम आणायची! त्याच तत्त्वावर पुढे मधुमेहाच्या गोळ्या बनल्या. मधुमेहाचं एक औषध हृदयाला अपाय करतं की काय, असा गदारोळ २००७ मध्ये झाला होता. त्यानंतर अमेरिकेच्या औषध खात्याने अट घातली: मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला धोका नाही हे आधी दाखवा. म्हणजे कंपन्या गेल्या होत्या निर्दोषत्वाचा दाखला आणायला. २०१५ मध्ये याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचा निकाल लागला, सात हजारांवर रुग्ण, आणि हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात दाखल व्हायचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलेलं. एवढ्याशा साखरेच्या फरकाने हे व्हायला नको होतं. आमच्या भाषेत धडधडीत ओओएस. कुणीतरी त्याला नंबर दिला आणि पाठपुरावा केला. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिन मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या हृदयरुग्णांना देऊन पाहिलं. फायदा दोघांनाही सारखा. पुढे तर ज्यांचं ईएफ चांगलं असूनही हृदय ताठर झाल्याने धाप लागते, ज्यांच्यासाठी तोवर फारसं काही हाती नव्हतं, त्यांनाही या गोळ्यांचा उपयोग दिसला.

हे मी दादाला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सफरचंद खाल्लं तर चालेल का?"

तिसरी गोळी स्पायरोनोलॅक्टोन, आमच्या लहानपणापासूनची, लघवीची म्हणून स्वस्तात पडलेली. तिने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात हे १९९९ मध्ये कळलं. पोटॅशियम चढवते, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. चौथी जोडगोळी, सॅक्युबिट्रिल आणि वल्सार्टन. ती समजायला हृदयाकडे पंप म्हणून बघणं थोडा वेळ सोडावं लागतं. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हृदयाच्या वरच्या कप्प्यांत बारीक दाणे दिसले होते, अगदी ग्रंथींच्या पेशींत असतात तसे. पंपात ग्रंथीचे दाणे कशाला? वर्षानुवर्षं ते नुसते दिसत राहिले. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या त्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि उंदीर भराभर लघवी करू लागले. हृदय स्वतःच एक हार्मोन तयार करतं, पाणी फार झालं की मूत्रपिंडाला निरोप पाठवायला. सॅक्युबिट्रिल तो निरोप लवकर पुसला जाऊ देत नाही. २०१४ च्या चाचणीत या जोडीने तोवरच्या उत्तम औषधाला वीस टक्क्यांनी मागे टाकलं.

चारही एकदम कशाला, असं मलाही वाटलं. जुन्या वळणाचे डॉक्टर एकेक औषध महिन्या-दोन महिन्यांनी चढवायचे, आणि त्यात वर्ष जायचं. २०२२ मध्ये आलेल्या एका चाचणीत उलटं केलं. दवाखान्यातून घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण डोसापर्यंत न्यायचं आणि तेवढ्या काळात वारंवार तपासायचं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं नेहमीच्या पद्धतीत २३ टक्क्यांवर होतं, या पद्धतीत १५ वर आलं. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण अर्ध्या लोकांना मागे ठेवणं बरोबर वाटेना. आमच्या डॉक्टरांनी दादाला दर आठवड्याला बोलावलं. त्याचं बीपी ९६ पर्यंत उतरलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तो चिडायचा. "मला मारायला निघालेत," म्हणायचा. वहिनीने एक गोळी गुपचूप बंदही करून पाहिली. पकडली मीच. डबीतल्या गोळ्या मोजण्याची सवय जात नाही.

आणि पैसे. हे लिहिलं नाही तर लेख खोटा होईल. डापाग्लिफ्लोझिनचं इथलं पेटंट २०२० च्या ऑक्टोबरात संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये, आणि साठेक रुपयांना मिळणारी गोळी काही आठवड्यांत दहाच्या आसपास मिळू लागली. रेणू तोच. शिक्षकाच्या पेन्शनीत चारही गोळ्या महिनोन्महिने बसतात ते यामुळे. आयुष्यभर जेनेरिकच्या बॅचेस पास केलेल्या बाईला याचा अभिमान वाटला तर कुणी हसू नये.

एप्रिलअखेर पुन्हा इको झाला. ३८. दादा कागद फडकवत बाहेर आला, जणू बोर्डाचा निकाल. यंत्राचा विषय मागे पडला.

इथवरची गोष्ट सांगायला बरी वाटते. पुढची तशी नाही.

त्याच वर्षीच्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या गरब्यात सहाव्या रात्री समोरच्या विंगमधले एक भाई तीन टाळीच्या फेऱ्यात खाली पडले. पन्नाशीचे असतील. मी दहा फुटांवर होते. सगळे धावले. चक्कर आली, उपास असेल, साखर आणा, पाणी मारा, कुणीतरी चप्पल हुंगवली, कुणी तळपाय चोळू लागलं. आणि एक आवाज आला, "श्वास चालू छे!" मीही वाकून बघितलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मध्येच घोरल्यासारखा आवाज. मलाही श्वासच वाटला. आम्ही सगळे सुटकेने थोडे मागे सरलो, वारा येऊ द्या म्हणून.

बी विंगमधली फिजिओथेरपी शिकणारी मुलगी लांबच्या रिंगणातून घाघरा सावरत आली तोवर दोन-अडीच मिनिटं गेली होती. तिने एकदा पाहिलं, खांदे हलवले आणि ओरडली, "हा श्वास नाहीये!" गुडघ्यांवर बसली आणि दाबायला लागली. कुणीतरी गाणं बंद केलं. ढोल थांबला तशी तिची लय क्षणभर मोडली. "आंटी, गणो!" ती मला म्हणाली. मी मोठ्याने मोजू लागले. दोन मिनिटांनी एका मुलाने जागा घेतली, मग तिने पुन्हा, मग मी. दीडेक मिनिट केलं असेल. हाताखाली बरगडी कट् वाजली तेव्हा मी थांबले. ती म्हणाली, "थांबू नका, बरगडी जुळते." १०८ आली, त्यांनी पॅड चिकटवले, दोन शॉक दिले, घेऊन गेले.

भाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मरताना मेंदूच्या तळातून येणारे ते आचके असतात, हे मी नंतर वाचलं. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत बऱ्याच जणांना ते येतात, आणि जगभर लोक त्यांना श्वास समजतात. कुणी छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्या रात्रीचं गणित मी पुष्कळदा केलंय. दादाला कधी विचारलं नाही, त्याने चटकन सोडवलं असतं.

दोन हातांनी छाती दाबणं हेही मुळात एका जास्तीच्या रीडिंगमधूनच आलं. १९५८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन हा विजेचा इंजिनिअर छातीबाहेरून शॉक देऊन हृदय सुरू करायच्या प्रयोगात होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या गाय निकरबॉकर या विद्यार्थ्याला कुत्र्यावर काम करताना दिसलं की जड पॅडल छातीवर नुसते दाबून ठेवले तरी रक्तदाबाचा काटा किंचित वर जातो. वीज अजून सोडलेलीच नसे. हात जड पडला असेल, म्हणून सोडून देता आलं असतं. त्याने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तोवर थांबलेलं हृदय चालवायचं तर सर्जन छाती उघडून ते मुठीत धरायचा. १९६० मध्ये या दोघांनी आणि सर्जन जेम्स ज्यूडने वीस रुग्णांचा अहवाल छापला. त्यात त्यांनी लिहिलं की हे कुणीही, कुठेही करू शकतं, लागतात ते फक्त दोन हात. साठ वर्षं उलटून गेली आणि आमच्या सोसायटीत दोनशे हातांत जाणते दोनच निघाले. २०२३ च्या डिसेंबरात गुजरात सरकारने शाळांच्या शिक्षकांना हे शिकवायची मोहीम काढली होती; दादाच्या जुन्या शाळेतल्या एक बाई शिकून आल्या होत्या. त्यांना बोलावून दिवाळीनंतर क्लबहाउसमध्ये आम्ही शिकलो. मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण तेव्हाच हृदय रक्ताने भरतं. ढोल वाजवणाऱ्या मुलाने मोबाइलवर मोजून सांगितलं, आपला दोन टाळीचा गरबा सुरुवातीला याच लयीत असतो. पुढे चढतो तो वेग नको. लिफ्टच्या वार्षिक देखभालीला आमच्याकडे पैसे आहेत. भिंतीवर लावायच्या शॉकच्या यंत्राचा ठराव अजून तिसऱ्या मीटिंगमध्ये आहे.

त्या दिवसांत मी रात्री जागून याच विषयावरचं वाचत बसायचे. प्रगती म्हणून जे दिसलं त्यातलं निम्मं तरी आधीचं मागे घेणं होतं. २००२ मध्ये दोन चाचण्यांनी सांगितलं, वाचलेल्या रुग्णाचं शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड करा, मेंदू वाचतो. दवाखान्यांनी थंड करायची यंत्रं घेतली. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक दिसला नाही. २०२१ मध्ये एकोणीसशे रुग्णांवर पाहिलं, ३३ अंश विरुद्ध नुसतं ताप चढू न देणं. फरक नाही. आता भर आहे तो ताप येऊ न देण्यावर. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन तर अरेस्टची ओळखच. ब्रिटनमध्ये आठ हजार रुग्णांतल्या निम्म्यांना ते, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं, कुणाला काय ते देणाऱ्यालाही कळू न देता. २०१८ मध्ये निकाल आला: जगले ३.२ टक्के विरुद्ध २.४. जास्त जगले खरे, पण जगलेल्यांत मेंदूची गंभीर हानी असलेलेही जास्त. हा आकडा वाचून मी लॅपटॉप मिटला होता. कुणाच्या बायकोला यातलं काय सांगायचं?

एक मात्र खरंखुरं नवं वाटलं, आणि साधं. तीन शॉक देऊनही हृदयाची थरथर थांबत नसेल तर काय करायचं? कॅनडातल्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ४०५ रुग्णांवर तीन रीती करून पाहिल्या. पॅड होते तसेच ठेवून पुन्हा शॉक दिला तर वाचले १३ टक्के. पॅडची जागा बदलून, एक छातीवर आणि एक पाठीवर लावून दिला, तर सुमारे २२. दोन यंत्रं आणून पाठोपाठ दोन दिशांनी दिला, तर ३०. हा निकाल २०२२ चा. नवीन औषध नाही, नवीन यंत्रही नाही. यंत्र तेच, जागा बदलली.

भाईंच्या बायको परवा लिफ्टमध्ये भेटल्या. त्या मला 'तुम्ही खूप केलंत' म्हणतात. मी दरवेळी बोट मजल्याच्या बटणावर ठेवून उभी असते.

दादाला मी एक वही दिली आहे, आमच्या लॅबच्या पद्धतीची. पुठ्ठ्याची बांधणी, पानांना छापील नंबर, म्हणजे पान फाडता येत नाही. रकाने: तारीख, वेळ, वजन, सही. शेवटचा रकाना 'तपासणारा', तो माझा, दर रविवारी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी काट्यावर उभं राहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. मिठाचा वाद वेगळा. फार कडक मीठबंदीने मोठा फरक पडत नाही, असं २०२२ च्या एका चाचणीत निघालं, आणि ते दादाने कुठूनतरी वाचून मला तोंडावर ऐकवलं. डॉक्टर म्हणाले, फार कडक नको, पण पापड, लोणचं, फरसाण आणि बाहेरची सेव उसळ बंदच. सेव उसळ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. बडोद्याच्या मराठी माणसाकडून तेवढंही काढून घेतल्यावर उरतं काय, हे मला पटतं, पण मी तोंड उघडलं नाही.

गेल्या रविवारी त्याने फोनवर आकडे वाचून दाखवले. चौसष्ट पॉइंट दोन. चौसष्ट पॉइंट दोन. चौसष्ट पॉइंट दोन. सलग नऊ दिवस.

मी चहा अर्धा टाकून रिक्षा केली. तो काटा शंभर ग्रॅमचा फरक दाखवतो. जिवंत माणूस नऊ सकाळी एकाच शंभर ग्रॅमवर उभा राहत नाही; एक तर काटा बिघडला असेल किंवा लिहिणारा. सुरसागरच्या कडेने जाताना मी पर्समध्ये बघून घेतलं, सेल होते.

"काट्याचा सेल गेलाय," दार उघडता उघडताच दादा म्हणाला.

"कधी?"

तो वहीकडे बघत राहिला. मी सेल बदलले, काटा फरशीच्या सपाट जागी ठेवला, शून्य येऊ दिलं. तो सपाता काढून उभा राहिला. ६५.९. मी खाली बसून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि सोडला. खळगा पडला आणि सावकाश भरून आला. डॉक्टरांचा नंबर लावला, रिंग जात होती.

"किती आलं?" वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

दादाने एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळू आवाजात म्हणाला, "तरी नव्हती घेतली, सुमे. नुसती उसळ."

मी तारीख घातली, ६५.९ लिहिलं आणि वही सहीसाठी त्याच्यापुढे सरकवली.